अक्षरांचा नुस्खा

‘नुस्खा’ हा शब्द आपण मराठीत औषधापुरता वापरतो. सर्दी-खोकल्यावर आजीचा नुस्खा असतो, केस गळण्यावर शेजारणीचा. उर्दू-फारसीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. हाताने लिहिलेल्या ग्रंथाच्या प्रतीलाही तिथे नुस्खाच म्हणतात. दोन्ही अर्थ एकाच अरबी धातूतून आले आणि त्या धातूचा अर्थ आहे नकलून घेणे. हकीम चिठ्ठीवर जे लिहून देई, ते अत्ताराच्या दुकानापर्यंत जायचे. कातिब जी पोथी उतरवून काढी, ती पुढच्या वाचकापर्यंत जायची. दोन्ही गोष्टी लिहिणाऱ्याजवळ राहण्यासाठी नसतच. कोणीतरी त्या उचलाव्यात, आपल्या कामाला लावाव्यात आणि पुढे द्याव्यात, यासाठीच त्या लिहिलेल्या असत.

या शब्दाचा तिसरा अर्थ मला आज सुचवावासा वाटतो. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी पाच-दहा, फार तर पन्नास ओळींचे छोटे तुकडे एकमेकांना देत असतात. यादीतली दुबार नावे कशी काढावीत, तारीख उलटसुलट कशी करावी, शंभर फायलींची नावे एकदम कशी बदलावीत, असे एकेक काम करणारा एकेक तुकडा. सोबत दोन ओळींची सूचना : हे इथे ठेवा, ते तिथे बदला. लिहिणाऱ्याचे नाव बहुधा कोणाला ठाऊक नसते. यालाही नुस्खाच म्हणायला हवे.

मी सूसला राहतो. मुळशी तालुक्यातले हे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत गेले. खिंडीच्या अलीकडे पाषाण, पलीकडे आम्ही. पाषाणला सी-डॅकचे केंद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला थोड्याच अंतरावर हिंजवडी. त्यामुळे आमच्या इमारतीत कोणत्याही मजल्यावर बेल वाजवली तर दार उघडणारा प्रोग्रॅमर निघण्याचा संभव बराच. मी स्वतः बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाशी माझे नाते अक्षरापुरते. पण त्या अक्षराचीच गोष्ट सांगण्यासारखी आहे. मराठी अक्षर यंत्रावर आले ते मोठ्या संस्थांच्या योजनांमुळे. ते तिथे टिकले, वाचता आले, शोधता आले, याचे श्रेय मात्र अशा लहान लहान नुस्ख्यांनाही द्यावे लागते. हा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

खिळ्यांपासून कळांपर्यंत

यंत्राला देवनागरीची अडचण पहिल्यापासून आहे. रोमन लिपीत अक्षरे एकामागे एक उभी राहतात. आपल्याकडे वेलांटी अक्षराच्या आधी, उकार खाली, मात्रा वर, रफार डोक्यावर आणि जोडाक्षरे तर एकमेकांच्या कडेवर. छापखान्यात यासाठी शेकडो वेगवेगळे खिळे लागत. मुंबईच्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे देशभर नावाजले गेले, ते या अवघड लिपीला त्यांनी आणलेल्या घाटामुळे. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या व्यापातून वेळ काढून देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा आराखडा तयार केला होता. राजकारणातला एवढा मोठा माणूस खिळे मोजत बसतो, याचे आज नवल वाटते. पण वर्तमानपत्र चालवणाऱ्याला ठाऊक असते की जुळणीला तास वाढले की विचार उशिरा पोचतो.

पुढे टंकलेखन यंत्र आले. तिथे जागा आणखी कमी. चाळीस-पंचेचाळीस कळा आणि प्रत्येक कळीवर दोन चिन्हे, म्हणजे सगळी मिळून नव्वदच्या आसपास. तेवढ्यात मराठी बसवायची! मग युक्ती निघाली. ‘श’, ‘ण’, ‘ख’, ‘भ’, ‘ध’ यांच्या सरळ दांड्याला वेगळी कळ द्यायची आणि उरलेल्या अर्ध्या अक्षराला वेगळी. ‘शाळा’ लिहायचे तर आधी अर्धा श, मग दांडा म्हणजे झाला पूर्ण श. मग पुन्हा दांडा म्हणजे झाला शा. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती आधी उमटवायची. रफार सर्वांत शेवटी. टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या हजारो मुलामुलींच्या बोटांत ही युक्ती बसली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की यंत्राला ‘श’ हे अक्षर माहीतच नव्हते. त्याला फक्त आकृती माहीत होत्या. कागदावर छापून झाले की काम संपले, त्यामुळे त्याने काही बिघडतही नव्हते.

एका पाटीवर सगळ्या लिप्या

संगणकाची गोष्ट वेगळी होती. संगणक नुसता छापत नाही. तो साठवतो, लावतो, शोधतो. तिथे अक्षराला आकृतीपलीकडची ओळख लागते. ही ओळख देण्याचे काम आयआयटी कानपूरला सुरू झाले. मोहन तांबे हे त्यातले एक प्रमुख नाव. त्यातून ‘जिस्ट’ नावाचे तंत्र तयार झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते पुण्यात आले. सी-डॅक म्हटले की लोकांना डॉ. विजय भटकर आणि १९९१ चा ‘परम’ महासंगणक आठवतो. त्याच छपराखाली आपली मुळाक्षरेही घडत होती, हे कमी जणांना आठवते. जिस्टचे एक कार्ड संगणकात बसवले की त्या काळचे इंग्रजी प्रोग्रॅम मराठीत, तमिळमध्ये, बंगालीत चालू लागत.

या कामामागचा विचार मोठा होता. भारतातल्या बहुतेक लिप्यांची वर्णमाला एकच, आकृती वेगळ्या. मग ‘क’ ला एकच क्रमांक द्यावा आणि तो कोणत्या लिपीत दाखवायचा ते नंतर ठरवावे. या क्रमांकांच्या पद्धतीला ‘इस्की’ म्हणतात. तिचा आराखडा १९८८ मध्ये आला आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. इन्स्क्रिप्ट हा कळफलकही याच विचारातला : स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे, आणि सगळ्या लिप्यांना कळा त्याच. १९९१ मध्येच जगभरच्या लिप्यांसाठी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. आज जगात कुठल्याही फोनवर मराठी ‘क’ उमटतो तेव्हा आत साठतो तो २३२५ हा आकडा.

इथे अक्षर आणि आकृती यांची फारकत झाली. आत साठवायचे ते उच्चाराच्या क्रमाने. ‘कि’ मध्ये आधी क, मग वेलांटी. ‘धर्म’ मध्ये ध, मग र, हलन्त, मग म. वेलांटी डावीकडे नेणे, रफार डोक्यावर चढवणे, हे दाखवताना फॉन्टने करायचे. आपल्या व्याकरणकारांनी अक्षराचा जो विचार केला, त्याच्याशी हे जुळणारे होते.

किताबचे काय झाले

पण १९९१ मध्ये मानक झाले म्हणून ते घरोघर पोचले, असे झाले नाही. सर्वसाधारण माणसाच्या विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० मध्ये. त्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवलेला. जोशी आयआयटी मुंबईचे प्राध्यापक, नामांकित सुलेखनकार, आणि मराठीतले कवीही. ते २००८ मध्ये गेले. सरकारी पत्रांपासून प्रेमपत्रांपर्यंत इतका मराठी-हिंदी मजकूर ज्याच्या अक्षरांत लिहिला गेला असा दुसरा कवी दाखवणे कठीण आहे, आणि ते लिहिणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्याचे नाव माहीत नाही.

मधली दहा-पंधरा वर्षे मात्र मराठीचे काम थांबणार नव्हते. गल्लोगल्ली डीटीपीची दुकाने निघाली होती, वर्तमानपत्रे संगणकावर जुळत होती, दिवाळी अंक निघत होते. मग टंकलेखन यंत्राची जुनी युक्तीच संगणकात आली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकृती बसवलेले फॉन्ट तयार झाले. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि प्रत्येकाची आकृत्यांची मांडणी वेगळी. त्यांनी मराठी प्रकाशन व्यवसाय तगवला, हे उपकार विसरता येत नाहीत. पण त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात मराठी नव्हतीच. डोळ्यांना मराठी, पोटात इंग्रजी.

एक उदाहरण देतो. उत्तरेकडे फार चाललेल्या कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘किताब’ असे लिहिले, तर संगणक साठवतो ती पाच इंग्रजी अक्षरे : एफ, डी, आर, के, सी. एफ म्हणजे वेलांटी, डी म्हणजे क, आर म्हणजे त, के म्हणजे काना, सी म्हणजे ब. फॉन्ट आहे तोवर ती किताब आहे. फॉन्ट काढून घ्या, म्हणजे फाइल दुसऱ्या संगणकावर न्या, की उरते एफडीआरकेसी. तिला अर्थ नाही, तिचा उच्चार होत नाही आणि कोणी ‘किताब’ शोधू लागला तर ती सापडणार नाही.

या फॉन्टमध्ये किती मराठी मजकूर बंद झाला याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण काय काय असेल याचा अंदाज करता येतो. १९९० ते २००५ या काळातली बहुतेक पुस्तके, अंक, स्मरणिका, संस्थांची इतिवृत्ते, गावोगावच्या शाळांची हस्तपुस्तके. मोठ्या प्रकाशकांची पुस्तके पुन्हा जुळवली जातात, कारण त्यांना गिऱ्हाईक असते. पण जिथे पाचशे प्रती निघाल्या आणि संपल्या, तिथे ती फाइल हाच शेवटचा दुवा. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्यानंतरच्या वर्षांत आमच्यातले अनेक जण मराठीत लिहू लागले, छोटे अंक निघाले, पदरमोड करून संग्रह निघाले. दलित, आदिवासी, ग्रामीण लेखकांच्या छोट्या अंकांचीही हीच गोष्ट. साहित्याच्या मुख्य रस्त्यापासून जे दूर होते, त्यांचेच लेखन या फॉन्टांच्या कुलपात अधिक सापडले.

तीन पायऱ्यांचा नुस्खा

या कुलपाची किल्ली म्हणजे फॉन्ट बदलून देणारा छोटा प्रोग्रॅम. काही किल्ल्या संस्थांनी आणि कंपन्यांनी बनवल्या. पण कितीतरी किल्ल्या नोकरी सांभाळून, रात्री बसून, कोणी कोणी बनवल्या आणि ज्याला हव्या त्याला देऊन टाकल्या. त्या कशा चालतात हे समजून घेण्यात गंमत आहे आणि त्यासाठी प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही.

पहिली पायरी कोष्टकाची. डाव्या बाजूला जुन्या फॉन्टमधले चिन्ह, उजव्या बाजूला खरे मराठी अक्षर. डी दिसला की क, आर दिसला की त. सोपे वाटते, पण इथेच पहिला खड्डा आहे. मघाशी सांगितले तसे ‘श’ म्हणजे अर्धा श अधिक दांडा, आणि काना म्हणजेही तोच दांडा. प्रोग्रॅमने आधी सगळ्या दांड्यांचे काने केले, तर पुढे पूर्ण ‘श’ ओळखायला दांडाच उरत नाही. म्हणून लांब जोड्या आधी बदलायच्या, सुटी चिन्हे नंतर. क्रम चुकला की सगळा मजकूर गेला. स्वयंपाकातही फोडणी आधी आणि पाणी नंतर, यात साहित्य तेच असते. फरक क्रमाचा असतो.

दुसरी पायरी वेलांटीची. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी साठलेली असते. तिला उचलून अक्षराच्या मागे ठेवायचे. पण किती मागे? ‘किताब’ मध्ये एक अक्षर ओलांडले की झाले. ‘स्थिती’ मध्ये अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडावे लागतात. हा विचार न केलेल्या प्रोग्रॅममधून बाहेर पडणाऱ्या ‘स्थिती’च्या मधोमध ठिपक्यांचे एक वर्तुळ येते. त्या वर्तुळाचा अर्थ असा की वेलांटी आली, पण तिला बसायला अक्षर सापडले नाही. म्हणून नियम असा लिहायचा : वेलांटीपुढे जितकी अर्धी अक्षरे असतील ती सगळी आणि त्यांच्यानंतरचे एक पूर्ण अक्षर, एवढे ओलांड आणि मग बस.

तिसरी पायरी रफाराची आणि ती उलट दिशेची. ‘कीर्ती’ मध्ये रफार डोळ्यांना ‘ती’ वर दिसतो आणि जुन्या फॉन्टमध्ये तो ‘ती’ नंतर साठलेला असतो. उच्चारात मात्र र हा त च्या आधी आहे. म्हणून त्याला आधी दीर्घ वेलांटी ओलांडून, मग त ओलांडून मागे न्यायचे. या तीन पायऱ्या एखादा जाणकार वीस-पंचवीस ओळींत लिहितो. कोष्टक सोडले तर बाकीचे सगळे फॉन्टांना सारखेच. म्हणून एकाने एका फॉन्टसाठी लिहिलेला नुस्खा दुसऱ्याने कोष्टक बदलून दुसऱ्या फॉन्टला लावला, तिसऱ्याने तिसऱ्याला. असे अनेक कुलपे उघडत गेली.

अशा पायऱ्या-पायऱ्यांच्या कृतीला प्रोग्रॅमर ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावाचा लॅटिन अपभ्रंश आहे. त्याने हिंदुस्थानी अंकांनी हिशेब कसा करावा, याचे पुस्तक लिहिले होते. म्हणजे आपल्या अंकांचा नुस्खा अरबीत गेला, तिथून लॅटिनमध्ये आणि फिरून हिंजवडीला आला.

दर्या आणि दऱ्या

मराठीचा खरा कस मात्र एका बारीक चिन्हात लागला. ‘दऱ्या’ या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा र. हिंदीला त्याची गरज नाही, आपल्याला आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या घळी. ‘आचार्यांना’ बोलावले तर प्रवचन होईल, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर जेवण. ज्याला मराठी येत नाही त्याने कोष्टक करताना या पापणीपुढे साधा ‘अर्धा र’ असे लिहिले. त्याची यात चूक काय म्हणावी? अर्धा र तर तो आहेच. पण युनिकोडमध्ये साध्या र ला हलन्त लावून पुढे य आला की तो डोक्यावर जाऊन रफार होतो. झाले, सह्याद्रीच्या सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’, ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’. अशी रूपे आजही संगणकावर ठिकठिकाणी दिसतात. लोकांना वाटते, लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही. पुष्कळदा तो दोष एका कोष्टकातल्या एका ओळीचा असतो.

युनिकोडमध्ये या र ची सोय आहे. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा, त्याला हलन्त द्यायचा आणि पुढे य. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ. याच आकृतीचा दुसराही एक मार्ग आहे : साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. दोन्ही दिसायला सारखेच, पण पोटातले आकडे वेगळे. परिणाम असा होतो की एका पद्धतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही. यासाठीही नुस्खे आहेत : शोधण्याआधी दोन्ही रूपे एक करून घ्यायची. नुक्त्याचेही तसेच. ‘ज़’ हे एकच अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि ज खाली वेगळा नुक्ता देऊनही. मराठीने ‘गझल’ लिहून नुक्त्याचा प्रश्नच मिटवला, ही आपल्या भाषेची व्यवहारी हुशारी.

बऱ्याच उशिरा आलेले एक अक्षरही सांगायला हवे. ‘ॲप’, ‘ॲड’ मधला ‘ॲ’ आपण मराठीत अ वर चंद्र देऊन लिहितो. युनिकोडमध्ये आधी हिंदी वळणाचा ‘ऍ’ होता. आपला ‘ॲ’ २००८ मध्ये दाखल झाला. भाषा बोलणाऱ्यांची संख्या कोटींत असली, तरी तिचे एखादे अक्षर कोणीतरी मागितल्याशिवाय मिळत नाही.

उतरवणे आणि तपासणे

नकलताना चुका होणे ही आजची गोष्ट नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरत गेल्या, तसे तिच्यात अपपाठ शिरले. एकनाथ महाराजांनी अनेक प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ती शुद्ध केली. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ आपल्यापर्यंत आला तोही कोणी कोणी काढलेल्या प्रतींमुळे. नकलणारा नसता तर ग्रंथ उरला नसता आणि तपासणारा नसता तर जो उरला तो भलताच उरला असता. दोन्ही कामे लागतात.

याचा अनुभव मला घरबसल्या आला. माझा एक छोटा संग्रह १९९८ मध्ये निघाला होता. ज्या दुकानात तो जुळवला ते बंद झाले, प्रती संपल्या. उरली फक्त फाइल आणि ती उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिखल. आमच्याच इमारतीतला एक तरुण म्हणाला, “काका, द्या इकडे, बघतो.” त्याने दुसऱ्याच कोणत्या तरी फॉन्टसाठी कोणी अनामिकाने लिहिलेला तुकडा घेतला, माझे छापील पुस्तक समोर ठेवून कोष्टक नव्याने भरले आणि दोन संध्याकाळींत संग्रह मराठीत परत आला. पापणीचा र अर्थातच बिघडला होता. तो म्हणाला, “सगळ्या दर्यांच्या दऱ्या करून टाकतो, एका मिनिटाचे काम.” मी म्हटले, “थांबा. या पुस्तकात दर्याही आहे आणि दऱ्याही आहेत.” कोकणातल्या बंदरावरच्या कवितेत दर्या होता, मावळावरच्या कवितेत दऱ्या होत्या. यंत्राला दोन्ही सारखेच दिसत होते. मग आम्ही समोरासमोर बसलो. तो पडद्यावरून वाचत होता, मी पुस्तकात बोट ठेवून ऐकत होतो. मदरशात पाठ घेताना असेच बसतात आणि जुन्या छापखान्यात प्रुफे वाचतानाही असेच बसत.

त्या वेळी त्याने मला तुकड्यातली एक ओळ दाखवली. मूळ लिहिणाऱ्याने तिथे इंग्रजीत टीप ठेवली होती. तिचा मथितार्थ असा की हा नियम सगळीकडे लागू पडत नाही, पुढच्याने डोळ्यांनी तपासून घ्यावे. ना नाव, ना गाव. पण पुढे कोणीतरी येणार आहे हे त्याने धरून ठेवले होते.

हर्फ आणि हक्क

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशी माणसे आणि अशा वस्तू पुष्कळ झाल्या. बंगळुरूचे शेषाद्री वासू यांनी १९९८ मध्ये कन्नडसाठी ‘बरह’ बनवले, ते पुढे मराठीलाही आले. परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत पहिले देवनागरी पत्र त्यावर लिहिले गेले असेल. ‘गमभन’सारख्या सुविधेने कुणालाही आपल्या पानावर मराठी लिहिण्याची खिडकी बसवता येऊ लागली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये सर्वांसाठी मोकळे केले. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया वाढला तो युनिकोडच्या पायावर. आज अँड्रॉइड फोनवर वेलांटी जागेवर नेणारा आणि रफार डोक्यावर चढवणारा जो मोफत प्रोग्रॅम आहे, त्याचे नाव ‘हार्फबझ’. बेहदाद एस्फहबोद या इराणी तरुणाने तो घडवला. नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. खुले अक्षर. तुकोबांचा अभंग आणि हाफिजची गझल फोनच्या पडद्यावर उमटवणारा कारागीर एकच आहे, हे मला फार आवडते.

उर्दूने तर आपल्याहून अधिक सोसले आहे. नस्तालिक लिपीतली वर्तमानपत्रे १९८० पर्यंत कातिब हातानेच लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी वीस हजारांच्या आसपास शब्दांश एकेक लिहून ती लिपी संगणकावर आणली, तेव्हा कुठे जुळणी सुरू झाली. पण तिथेही पुढे तीच गोष्ट झाली. जुन्या प्रोग्रॅममध्ये जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणायला पुन्हा नुस्खे लागले, पुन्हा रात्री बसणारी माणसे लागली.

आता प्रश्न उरतो तो आपला. अनेक घरांत, संस्थांच्या कपाटांत, बंद पडलेल्या दुकानांच्या सीडींवर त्या पंधरा वर्षांची मराठी अजून पडून आहे. फ्लॉपी बुरशीने जातात, सीडीचा थर निघतो, ती वाचणारे यंत्रही आता सहज मिळत नाही. किल्ल्या उपलब्ध आहेत, त्या मोफत आहेत. लागतो तो फाइल शोधून काढणारा माणूस, कोष्टक भरणारा माणूस आणि शेवटी पुस्तकात बोट ठेवून वाचणारा माणूस. पहिले आणि तिसरे काम माझ्यासारख्या बी.ए. झालेल्यालाही करता येते. दुसऱ्यासाठी आपल्या शेजारचे दार वाजवावे. गावातल्या ग्रंथालयाने, महाविद्यालयाच्या मराठी विभागाने एकेका लेखकाच्या, एकेका बंद पडलेल्या अंकाच्या फायली जरी हाती घेतल्या, तरी पुष्कळ काही वाचेल.

पुढच्या पिढीला हव्या त्या शब्दाने आपले लेखन शोधता आले पाहिजे, हा लेखकाइतकाच वाचकाचाही हक्क आहे. कोणी ‘दऱ्या’ शोधल्या तर त्याला दऱ्याच मिळाव्यात, दर्या शोधला तर दर्या. घरात एखादी जुनी सीडी असेल तर या रविवारी ती शोधून काढावी. एखादी वेलांटी चुकीच्या जागी बसलेली दिसेल. ती उचलून योग्य अक्षराच्या मागे ठेवायची आणि फाइल पुढच्याला द्यायची.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)